लेखणीआधी लंगडी

‘आमचा दिवसभर हुंदडतच असतो, त्याला आणखी कसला व्यायाम?’ बालवाडीच्या वयाच्या मुलांबद्दलचा हा सर्वांत लाडका गैरसमज. एक दिवस घड्याळ लावून बघा. शाळेची व्हॅन, वर्गातली बैठक, मोबाइलसमोरचं जेवण, संध्याकाळचं कार्टून. मधल्या फटींत सोफ्यावरच्या चार उड्या, त्याही ‘पडशील’ या गजरात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यातली निदान ६० मिनिटं चांगली धाप लागेल अशी असावीत, असं त्यांत म्हटलंय. पडद्यासमोरची बैठक जास्तीत जास्त एक तास. त्याहून कमी तर उत्तमच.

दुसरा गैरसमज शेजारच्या बाळाशी तुलना करण्यातून येतो: ‘त्यांचं दहाव्या महिन्यात चालायला लागलं, आपलं अजून नाही.’ भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या पाहणीवरून याच संघटनेने २००६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत निरोगी बाळं आधाराशिवाय चालू लागण्याचं वय साधारण आठ ते साडेसतरा महिने असं पसरलेलं होतं. काही बाळं तर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. दीड वर्ष उलटूनही पाऊल पडत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. पांगुळगाडा म्हणून मिळणाऱ्या चाकांच्या वॉकरमुळे बाळ लवकर चालतं, हेही खोटं. उलट जिन्यावरून गडगडण्याचा धोका मोठा, म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

पण सगळ्यांत चिवट समजूत लिहिण्याची. ‘साडेतीन वर्षांचा झाला, अजून अ गिरवत नाही!’ मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात, आणि शेवटचं हाड घडायला सुरुवात व्हायलाच बहुधा आठ वर्षं उलटून जातात. म्हणून चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरताच येत नाही असं नव्हे. पण बोटांआधी खांदा आणि दंड स्थिर व्हावे लागतात, आणि ते गिरवून होत नाहीत. लोंबकळणं, चढणं, बादली उचलणं, कणीक मळणं, वाटाणे सोलणं, चिंचोके वेचणं ही त्याची पूर्वतयारी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या, तेव्हा परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूच शिक्षणाची साधनं केल्या. आज त्याच कामासाठी महागडे ‘ॲक्टिव्हिटी किट’ विकले जातात, ही गंमतच.

‘वय झालं की आपोआप येईल’ हेही अर्धंच खरं. धावणं येतं, पण चेंडू नेमका फेकणं, झेलणं, एका पायावर उड्या मारत जाणं सरावाशिवाय पक्कं होत नाही. कुणीतरी समोर उभं राहून चेंडू टाकावा लागतो. मुलींच्या वाट्याला हा चेंडू कमी येतो, आणि पुढे ‘मुलींना फेकता येत नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना दोन-चार उड्यांची लंगडी जमते. तिच्यासाठी वर्ग लावायची गरज नाही. गच्चीचा कोपरा आणि एक खडू पुरतो.