भोर-वेल्ह्याचे डोंगर आणि त्यांचे पाणी

डोंगर म्हणजे जमिनीतून वर उचलला गेलेला भाग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. हिमालयापुरती ती खरी आहे. भोर-वेल्ह्याकडील डोंगरांची कथा निराळी. तोरणा, राजगड, रायरेश्वर हे एकेकटे वर आलेले नाहीत. एका विस्तीर्ण पठाराचे ते उरलेले तुकडे होत.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथील भूमीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून तप्त शिलारस उसळून दूरवर पसरला. एक लोट थिजावा, त्यावर दुसरा यावा, असे कित्येकदा घडले. हा काळा पाषाण आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. डोंगराच्या अंगावर कडा, मग उतार, पुन्हा कडा अशा ज्या पायऱ्या आपण पाहतो, त्या ह्या थरांच्याच. पुढे नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी ह्या नद्यांनी पठार कापीत नेले. पश्चिमेकडची कड झिजत झिजत मागे सरली व खाली कोकण राहिले.

आता पाण्याकडे वळू. दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून त्याची तांबडी माती होई आणि नवा लोट तिला भाजून काढी. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे हा तांबडा पट्टा पुष्कळदा उघडा दिसतो. काळ्या खडकाच्या भेगांतून मुरत आलेले पाणी ह्या मातीवर अडते, आडवे वाहते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. गडावरील पुष्कळशा पाण्याचे मर्म ह्या थरांत आहे. पाण्यावाचून गड नाही, हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते!

पण हा पाषाण पाणी साठवतो थोडे. म्हणूनच आषाढात धो धो पाऊस झेलणाऱ्या वाडीत वैशाखात हंडे रिकामे असतात. त्यात बंगल्यांसाठी उतार कापला किंवा विंधणविहीर तांबडा थर भेदून गेली, तर होता तो झराही आटू शकतो. झऱ्याच्या तोंडाशी कुंड बांधून भागत नाही. पाणी मुरते ते वरच्या माळावर. तो माळ आधी हुडकावा लागतो, आणि तो कित्येकदा शेजारच्या गावाच्या हद्दीत असतो.