विश्लेषण : जॅझ-रॉकचे रेकॉर्डप्रेमी आधी ‘प्रेसिंग कोणते?’ असे का विचारतात? मोफाय प्रकरणात नेमके काय घडले?

फिरत्या तबकडीचा एक फोटो, शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेले कव्हर आणि खाली दोन ओळी : ‘सध्या हे वाजते आहे’. जगभरातील जॅझ आणि रॉकचे चाहते रोज एकमेकांना असे फोटो पाठवतात. गाणे कोणते, गायक कोण, हे कव्हरवरूनच कळते. पण त्या दोन ओळींमध्ये वर्ष, देश, कारखाना, रेकॉर्ड कापणाऱ्या अभियंत्याचे नाव असा तपशील असतो. तो नसेल तर पहिला प्रतिसाद हमखास एकच येतो, ‘प्रेसिंग कोणते?’

बाहेरच्या माणसाला हा नुसता नखरा वाटेल. काही प्रमाणात तो आहेच. मात्र या प्रश्नामागे पक्की तांत्रिक कारणे आहेत आणि याच प्रश्नाचा पाठपुरावा झाल्यामुळे २०२२ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित कंपनीचे बिंग फुटले.

एकच अल्बम, दोन पट्ट्या

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझमधील बहुधा सर्वाधिक घरांत पोहोचलेला अल्बम. त्याचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी झाले. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होते. हळू मुद्रित झालेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. तसेच झाले आणि पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या सुरात बाजारात आल्या.

पेटीवर सांगायचे तर ‘सो व्हॉट’ ही रचना पांढरी दोनची. जुन्या रेकॉर्डवर ती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत कुठेतरी वाजते. रेकॉर्डसोबत वाजवून जॅझ शिकणाऱ्या पिढ्यांना आपले वाद्य त्या चुकीला जुळवून घ्यावे लागले. त्या दिवशी दुसरे, राखीव मशीन मात्र योग्य वेगाने चालत होते. त्यावरची टेप वापरून ही चूक १९९२ मध्ये दुरुस्त झाली. म्हणजे तब्बल ३३ वर्षे जगाने हा अल्बम चुकीच्या पट्टीत ऐकला. गंमत अशी, की काही जुन्या चाहत्यांना आता दुरुस्त झालेला सूर उतरलेला वाटतो. त्यामुळे ‘काइंड ऑफ ब्लू ऐकतोय’ एवढ्याने माहिती पुरी होत नाही, कोणता हेही सांगावे लागते.

रेकॉर्ड ‘छापतात’ म्हणजे काय?

मूळ टेपवरचा आवाज आधी लॅकर लावलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर खोबणीच्या रूपात कापला जातो. त्या चकतीवर धातूचा थर चढवून उलटा साचा बनतो. त्याला ‘फादर’ म्हणतात. फादरपासून ‘मदर’, मदरपासून ‘स्टॅम्पर’ आणि स्टॅम्परखाली गरम प्लास्टिक दाबले की रेकॉर्ड तयार. एका स्टॅम्परमधून साधारण हजारभर प्रती निघतात, मग तो झिजतो. प्रत्येक पायरीवर आवाजाचा थोडा तपशील हरवू शकतो.

सर्वात निर्णायक असते ती पहिली पायरी. खड्ज (बास) जितका जोरकस, तितकी खोबण रुंद आणि नागमोडी. बाजूवर वेळ जास्त बसवायचा तर आवाजाची पातळी कमी करावी लागते. हा तोल सांभाळतो कापणारा अभियंता. म्हणून शेवटचे गाणे आणि लेबल यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीत त्याने कोरलेली अक्षरे चाहते भिंग लावून वाचतात. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर ‘आरव्हीजी’ दिसले, की ती रूडी व्हॅन गेल्डर यांनी कापलेली. शेजारी कानासारखी दिसणारी एक खूण असेल, तर प्लास्टिलाइट कारखान्यात छापलेली. ती खूण १९६६ नंतरच्या प्रतींवर मिळत नाही आणि ती असण्या-नसण्याने किमतीत मोठा फरक पडतो.

रॉकमधील प्रसिद्ध उदाहरण १९६९ मधील ‘लेड झेपलिन टू’चे. बॉब लडविग या तरुण अभियंत्याने ती अतिशय जोरकस कापली. अटलांटिक रेकॉर्ड्सचे प्रमुख अहमत एर्तेगुन यांच्या मुलीच्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरवर सुई उड्या मारू लागली, तेव्हा कंपनीने घाईने कमी पातळीची नवी आवृत्ती कापून घेतली, असे लडविग यांनीच पुढे सांगितले. जी ‘सदोष’ म्हणून बाजूला सारली, तीच ‘आरएल’ कोरलेली प्रत आज चाहत्यांना हवी असते.

चाळीस हजार प्रतींचे गणित

आता २०२२ मधील प्रकरण. मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब, चाहत्यांच्या भाषेत ‘मोफाय’, ही १९७७ पासूनची कंपनी. मोठ्या कंपन्यांकडून मूळ टेप मिळवायची, नव्याने काळजीपूर्वक कापायची आणि मर्यादित प्रती महाग विकायच्या, हा तिचा व्यवसाय. ‘वन-स्टेप’ ही तिची सर्वात उंची मालिका. त्यात फादर आणि मदर गाळून लॅकरवरून थेट स्टॅम्पर तयार होतो. पायऱ्या कमी म्हणून नुकसान कमी. किंमत १२५ डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे दहा हजार रुपये.

मग कंपनीने मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या वन-स्टेप आवृत्तीची घोषणा केली. प्रती ४०,०००. आणि इथे काही जणांच्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली. वन-स्टेपमध्ये एका लॅकरपासून हजारभरच प्रती निघणार असतील, तर प्रत्येक बाजूसाठी सुमारे चाळीस लॅकर लागतील. म्हणजे मूळ टेप चाळीस वेळा मशीनवर चढवावी लागेल. चाळीस वर्षे जुनी, जगातील सर्वाधिक खपलेल्या अल्बमची टेप कोणती कंपनी अशी झिजू देईल?

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स शहरातील रेकॉर्ड दुकानदार मायकेल एस्पोझितो यांनी एका व्हिडीओत जाहीरपणे सांगितले, की मोफाय मूळ टेपवरून थेट नव्हे, तर डिजिटल फाइलवरून रेकॉर्ड कापते. चाहत्यांनी आधी त्यांनाच फैलावर घेतले. त्यानंतर कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील आपल्या कार्यालयात बोलावले आणि तिच्या अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर ते मान्य केले. मूळ टेपवरून डीएसडी या पद्धतीची फाइल बनवली जात होती आणि लॅकर त्या फाइलवरून कापले जात होते. हे २०११ पासून सुरू होते.

ग्राहक न्यायालयात गेले. कंपनीने सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीची तयारी दाखवली. रेकॉर्ड परत करून पूर्ण पैसे घ्या किंवा ती ठेवून थोडी भरपाई घ्या, असे पर्याय ग्राहकांसमोर ठेवण्यात आले.

मग कानांना काय ऐकू येत होते?

प्रकरणाचा खरा चटका इथे आहे. २०११ ते २०२२ या काळात असंख्य चाहत्यांनी याच रेकॉर्डच्या फोटोंखाली लिहिले होते, की डिजिटलमध्ये न मिळणारी ऊब ती हीच. काहींनी मोफायची प्रत आणि सीडी यांची तुलना करून डिजिटलला कमी लेखले होते. ती प्रतही डिजिटलच निघाली.

अभियांत्रिकीच्या सिग्नल प्रोसेसिंगच्या तासाला जागे राहिलेल्या कुणालाही याचे फारसे आश्चर्य वाटू नये. सीडीमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि माणसाच्या कानाची वरची मर्यादा, सुमारे २० हजार हर्ट्झ, त्यात बसते. मोफाय वापरत असलेल्या डीएसडीमध्ये एका बिटचे नमुने सेकंदाला एक कोटीहून अधिक वेळा घेतले जातात. अशा फाइलवरून कापलेली रेकॉर्ड थेट टेपवरून कापलेल्या रेकॉर्डपासून कानाने ओळखणे अवघडच. शिवाय रेकॉर्डच्या स्वतःच्या मर्यादा याहून कितीतरी मोठ्या आहेत. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खोबण सरकते, लेबलजवळ येईपर्यंत जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा फाटल्यासारख्या ऐकू येतात त्या यामुळे.

आणि ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’चा इतिहासही तितका शुद्ध नाही. लॅकर कापणाऱ्या यंत्राला पुढे येणाऱ्या आवाजाची चाहूल थोडी आधी लागते, म्हणजे खोबणींमध्ये किती अंतर सोडायचे ते ठरते. त्यासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक स्टुडिओंनी डिजिटल डिले वापरायला सुरुवात केली. त्यामुळे टेपवर मुद्रित झालेल्या त्या काळातील बऱ्याच रेकॉर्डवरील आवाज डिजिटल होऊनच खोबणीत उतरला आहे. राय कूडरचा ‘बॉप टिल यू ड्रॉप’ तर १९७९ मध्ये मुद्रितच डिजिटल पद्धतीने झाला होता.

म्हणून चाहते मूर्ख ठरले का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मोफायच्या रेकॉर्ड चांगल्या वाजत होत्या, त्या कापणाऱ्यांचे कौशल्य खरे होते आणि ऐकणाऱ्यांचा आनंदही खरा होता. खोटे होते ते वेष्टनावरून दिलेले सूचन. हापूस म्हणून घेतलेला आंबा गोड लागला, तरी पेटीवर देवगड लिहून आत कर्नाटकचा माल भरणाऱ्याला कुणी माफ करत नाही. मूळ टेपला एवढी किंमत येण्याचे आणखी एक कारण आहे. त्या नष्ट होत आहेत. १ जून २००८ रोजी हॉलीवूडमधील युनिव्हर्सलच्या आवारात लागलेल्या आगीत किती टेप जळाल्या, यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या २०१९ मधील वृत्तानंतर मोठा वाद झाला.

या प्रकरणानंतर रेकॉर्ड कंपन्या स्रोताबद्दल अधिक स्पष्ट बोलू लागल्या. मोफायही आता प्रत्येक रेकॉर्डचा स्रोत जाहीर करते. अमेरिकेत २०२३ मध्ये ४ कोटी ३० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या, सीडी ३ कोटी ७० लाख. एवढ्या बाजारात संदिग्धता परवडत नाही.

मुंबई, गोवा आणि डमडम

आपल्याकडे हा छंद लहान असला तरी जुना आहे. गोव्यातील आल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या जॅझच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९४० च्या दशकात मुंबईत निघाल्या. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची १९७० ची ‘रागा रॉक’ आज परदेशी संग्राहक शोधत असतात. काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झाल्यावर जुन्या मालासाठी मुंबईकरांची भिस्त मुख्यतः चोर बाजारावर आहे.

तिथे पाश्चात्त्य रॉकच्या जुन्या प्रती दिसतात, त्यापैकी बऱ्याच कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात छापलेल्या. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी जगात फार थोड्या ठिकाणी निघाली : बीटल्सच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. साठच्या दशकात पाश्चात्त्य देशांत हा प्रकार बाद झाला होता. भारतात मात्र चावीचे ग्रामोफोन असलेली, वीज नसलेली घरे भरपूर होती, म्हणून डमडमला बीटल्सही लाखेच्या तबकडीवर छापले गेले. आज जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी घसघशीत रक्कम मोजतात.

अशी एखादी तबकडी घरच्या माळ्यावर सापडली, तर फोटो जरूर काढा, पण ती नेहमीच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावू नका. ७८ ची खोबण एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. त्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते. आणि पुसताना स्पिरिट वापरू नका, लाख त्यात विरघळते.