ताप हीच एक खबर

रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलाच्या देहात जी तीव्र औषधे सोडावी लागतात, त्यांना रोगट आणि निरोगी पेशींतला भेद पुरतेपणी करता येत नसल्यामुळे, अस्थिमज्जेत घडणाऱ्या आणि जंतूंवर प्रथम धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल नामक पांढऱ्या पेशीही त्यांच्या तडाख्यात सापडतात, आणि मग वॉर्डाबाहेर बसलेले आईबाप एकमेकांना सांगतात, "काउंट पडलेत." हा उतार जितका खोल आणि जितका प्रदीर्घ, तितका संसर्गाचा धोका अधिक, हे 1966 साली अमेरिकेत बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांनिशी दाखवले (त्या निबंधाच्या लेखकांत एक आडनाव साठे आहे, हे मराठी वाचकाने जाता जाता ध्यानी घ्यावे), एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी 500 च्या खाली गेल्या की धोका गंभीर, असे आजही मानतात.

आपला सर्वसाधारण समज असा की जंतू बाहेरून येतात, म्हणून भेटीस आलेल्या आप्तेष्टांना दारातूनच वाटेला लावावे. ती खबरदारी रास्तच, कारण गोवर आणि कांजिण्या अशा मुलाच्या जिवावर बेततात. परंतु पुष्कळसे गंभीर संसर्ग त्याच्याच आतड्यांत, तोंडात आणि त्वचेवर आजवर निरुपद्रवीपणे नांदत आलेल्या जंतूंपासून उद्भवतात. औषधांनी तोंडाचे व आतड्यांचे नाजूक अस्तर सोलवटले की त्यांना रक्तात शिरण्यास वाट मिळते. म्हणूनच रोज तोंड उघडून पाहणे, दात मऊ ब्रशानेच घासणे आणि बद्धकोष्ठ झाले तरी घरच्या घरी एनिमा न देणे, या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींवर डॉक्टरांचा एवढा कटाक्ष असतो. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा घातक न्यूमोनिया मात्र को-ट्रायमोक्सॅझोल या जुन्या, स्वस्त औषधाने टाळता येतो, हे मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील वॉल्टर ह्यूज यांनी 1977 मध्ये सिद्ध केले. कंटाळून ते बंद करू नये.

खरी फसगत निराळीच आहे. पू म्हणजे बव्हंशी मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच साठा. त्याच नसल्यावर पू कोठून होणार, आणि सूज वा लाली तरी कितीशी दिसणार? ताप हीच काय ती खबर, आणि स्टेरॉइड चालू असेल तर तीही दडपली जाते, म्हणून मूल थंडीने कुडकुडले किंवा अकारण मलूल झाले, तरी तो इशाराच समजावा. पारा 100.4 अंश फॅरनहाइटला पोचला, की सकाळची वाट पाहू नये, डॉक्टरांना विचारल्यावाचून पॅरासिटामॉल देऊन तो उतरवू नये. रात्री-अपरात्री इस्पितळ गाठावे आणि केसपेपर निघण्याआधीच स्पष्ट सांगावे की मुलाची केमो चालू आहे, कारण प्रतिजैविकाची पहिली मात्रा तासाभरात शिरेतून गेली पाहिजे, असा दंडक आहे.