पाणी आलं आणि कार्यक्रम गेला!

परवाचीच गोष्ट. जुना जालन्यात, गांधी चमनजवळच्या आमच्या गल्लीत बचत गटाची बैठक चालू होती. ज्या मावशींच्या घरी बसलो होतो, त्यांच्याकडे दुपारी रेडिओ चालू असतोच. एक डॉक्टरबाई बायकांच्या अंगात रक्त का कमी होतं ते सांगत होत्या, अगदी आपल्या भाषेत. पालेभाजी खा, जेवताना लिंबू पिळा, जेवण झाल्या झाल्या चहा नको... हिशोबाची वही बाजूला ठेवून आम्ही सगळ्या ऐकत बसलो.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "नळ आले गं!"

मग काय विचारता! आमच्याकडे नळाला पाणी आलं की पाहुणा असो नाहीतर पूजा, सगळ्यांना थांबावं लागतं. हंडे, बादल्या, ड्रम भरून परत आलो, तर रेडिओवर गाणं लागलेलं.

मावशींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "ताई, सुनेला तिसरा महिना आहे. गोळ्या कशा घ्यायच्या तेच ऐकायचं राहिलं. नात तिची सिरियल मोबाइलवर पाहिजे तेव्हा लावते. हे नाही का लागत तसं?"

मी शोधलं, पण सापडलं नाही. गोळ्यांचं आम्ही दुसऱ्या दिवशी आशाताईंना विचारून घेतलं. मावशींचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

मैत्रिणींनो, आकाशवाणी मोबाइलवर आलेली आहे. 'न्यूज ऑन एअर' हे तिचं अ‍ॅप घेतलं, की देशभरातली २०० हून जास्त केंद्रं ऐकता येतात. सुरतेला दिलेली लेकसुद्धा तिथं बसून मराठी कार्यक्रम लावू शकते. मराठीतल्या प्रादेशिक बातम्याही लेखी स्वरूपात मिळतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींना त्याचा चांगला उपयोग होतो. पुढे २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात प्रसार भारतीने 'वेव्हज' हे नवं अ‍ॅप सुरू केलं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत, रेडिओ आहे, जुन्या मालिका आहेत, आणि मराठीही आहे.

हे सगळं चांगलंच आहे. पण 'आत्ता चालू आहे ते ऐका' एवढ्यानं आपलं भागत नाही. पुरुष माणूस वेळ ठरवून बसू शकतो. आपली वेळ ठरवतो तो नळ, गॅसवरचं दूध, शाळेतून येणारी मुलं! काही केंद्रं आपले काही कार्यक्रम यूट्यूबवर ठेवतात, नाही असं नाही. पण आपल्या भागातला रोजचा साधा कार्यक्रम, त्यातही बायकांचा, शेतीचा, आरोग्याचा, एकदा हुकला की सहसा हाती लागत नाही.

आणि ही गरज काही मोबाइलमुळे निर्माण झाली नाही बरं का! पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, वर्षभरात ५६ गीतं. दर शुक्रवारी सकाळी नवं गीत लागायचं आणि तेच शनिवारी-रविवारी पुन्हा ऐकवायचे. ज्या बाईचा शुक्रवार हुकला, तिच्यासाठी शनिवार होता. लोक रेडिओला हार घालून ऐकत, असं आपण आई-आजीकडून ऐकलंय. चांगला कार्यक्रम परत ऐकवावा लागतो, हे त्या काळातल्या माणसांना कळलं होतं.

तिकडे ब्रिटनमध्ये बीबीसीने २५ डिसेंबर २००७ रोजी 'आयप्लेयर' सुरू केलं. हुकलेला कार्यक्रम नंतर सवडीने पाहायची सोय! म्हणजे ही काही अशक्य गोष्ट नाही.

आपल्याला हवं तरी काय? आपल्या केंद्राचे बोलण्याचे कार्यक्रम निदान आठवडाभर मोबाइलवर राहावेत. 'बाळंतपण', 'कापूस', 'मोसंबी' असं मराठीत लिहिलं किंवा नुसतं बोललं तरी ते सापडावेत. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही वाजावेत. नुसत्या आवाजाला व्हिडिओपेक्षा नेट कितीतरी कमी लागतं, तेव्हा साध्या रिचार्जवरही हे जमण्यासारखं आहे.

मात्र एक सांगते. मोबाइल आला म्हणून रेडिओ बंद करू नका. घरात एकच मोबाइल असतो आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात! वीज गेली तरी सेलवरचा रेडिओ चालतो, आणि त्याला पासवर्ड लागत नाही.

हे सगळं आपण कुणाला सांगितलंय का कधी? पूर्वी बायका फर्माईशीची पोस्टकार्डं पाठवायच्या. आम्ही गेल्या बैठकीत तसंच केलं. केंद्र संचालकांच्या नावानं साध्या मराठीत पत्र लिहिलं, खाली आम्ही बारा जणींनी सह्या केल्या. तुम्हीही लिहा. एका पत्राने नाही होणार, पण गावोगावच्या गटांनी लिहिलं तर कुणीतरी वाचेलच ना!

पाकीट चिकटवताना मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, उत्तर रेडिओवर दिलं आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं तर?"

सगळ्या हसलो. आणि पाकीट परत उघडून त्यांचा हा प्रश्नही शेवटी लिहून टाकला.