गायींतील दुग्धज्वर : कॅल्शियमची तूट आणि तिचे खरे कारण

दुग्धज्वर हे नावच मुळात फसवे आहे. ह्या विकारात ज्वर नसतो. उलट गायीचे कान गार पडतात आणि शरीराचे तापमान बहुधा नेहमीपेक्षा खाली उतरते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोनतीन दिवसांत गाय प्रथम अडखळू लागते, मग खाली बसते, मान कुशीकडे वळवून निपचित पडते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास दगावते. रक्तातील कॅल्शियम घटल्याने हे घडते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु ह्याच ज्ञानातून एक सोपे अनुमान निघते व ते गोठ्यागोठ्यांतून रूढ झालेले दिसते : कॅल्शियम कमी पडते, तर ते गाभणपणीच भरपूर चारावे. हे अनुमान कितपत टिकते, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हिशेब पाहू. मोठ्या गायीच्या रक्तद्रवात एका वेळी अवघे ३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. चिकाच्या दर लिटरमध्ये ते २ ग्रॅमहून अधिक असते. म्हणजे दहा लिटर चीक काढला, तर रक्तातील साठ्याच्या सातआठ पट कॅल्शियम कासेवाटे बाहेर जाते. आता दुसरी बाजू पाहा. त्याच गायीच्या अस्थींत कॅल्शियमचा साठा कित्येक किलोग्रॅमांचा असतो. तेव्हा प्रश्न साठ्याचा नाही. कोठार भरलेले असता दार वेळेवर उघडत नाही, हा आहे.

दार उघडण्याचे काम परावटू ग्रंथीच्या संप्रेरकाकडे आहे. रक्तातील कॅल्शियम घटताच ते स्रवते, अस्थींतून कॅल्शियम सोडविते, मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम रोखते आणि वृक्कांकडून ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करविते. त्या योगे आतड्यातील शोषण वाढते. ही यंत्रणा पूर्ण वेग घेण्यास एकदोन दिवस लागतात. पहिलटकरीण गायीची अस्थिपेशीजाल वाढीस लागलेली असल्याने ती लवकर प्रतिसाद देते. म्हणून तिला हा विकार क्वचितच होतो. वेते वाढतात तसा धोका वाढतो, आणि जर्सी जातीत तो विशेष असतो.

ह्या रोगाच्या उपचाराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८९७ साली डेन्मार्कमधील पशुवैद्य श्मिट ह्यांनी कासेत विषद्रव्य तयार होते अशा समजुतीने पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण कासेत सोडले, आणि गायी उठू लागल्या. पुढे नुसती हवा भरूनही तेच घडले. कासेतील दाबामुळे दूध स्रवणे थांबत होते, एवढेच! समजूत चुकीची, उपाय मात्र गुणकारी. १९२५ साली स्कॉटलंडमध्ये ड्रायर व ग्रेग ह्यांनी कॅल्शियमच्या तुटीचा सिद्धान्त मांडला. शिरेवाटे कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देण्याची आजची पद्धत त्या विचारातून रुळली. ते सावकाशच दिले पाहिजे. घाईने दिल्यास हृदय बंद पडण्याचा संभव असतो.

प्रतिबंधाचा विचार येथून वेगळ्या वाटेने गेला. १९५४ साली कॅलिफोर्नियात बोडा व कोल ह्यांना असे आढळले की, विण्यापूर्वी कॅल्शियम अत्यल्प ठेवले असता दुग्धज्वर टळतो, कारण यंत्रणा आधीच जागी झालेली असते. तथापि तितके अल्प प्रमाण नित्याच्या चाऱ्यात साधणे दुष्कर आहे. नॉर्वेत एन्डर, डिशिंग्टन प्रभृतींनी आहारातील आम्लकारी क्षारांचा परिणाम दाखविला. कॅनडातील ब्लॉक ह्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आम्लकारी आहारावरील एकाही गायीस दुग्धज्वर झाला नाही. अल्कधर्मी आहारावरील जवळजवळ निम्म्या गायींस तो झाला. १९९७ साली अमेरिकेत गॉफ व हॉर्स्ट ह्यांनी जर्सी गायींवर केलेले काम तर अधिकच निर्णायक आहे. आहारातील कॅल्शियम ०.५ वरून १.५ टक्क्यांवर नेले तरी रोग लक्षणीय वाढला नाही, पोटॅशियम १.१ वरून २.१ टक्के करताच तो वाढला. पोटॅशियमच्या अतिरेकाने रक्त किंचित अल्कधर्मी होते व संप्रेरकास अस्थी व वृक्कांकडून पुरता प्रतिसाद मिळत नाही. म्हणजे गव्हाणीतील कॅल्शियमपेक्षा पोटॅशियमकडे पाहणे अधिक अगत्याचे ठरते. मॅग्नेशियमची उणीव असली, तरी हाच प्रतिसाद मंदावतो.

आपल्याकडे संकरित गायींना गाभणपणाच्या शेवटी हिरवी लसूणघास मायेने चारली जाते. शेणखत व गोमूत्र वर्षानुवर्षे मुरलेल्या तुकड्यावर ती वा हत्तीगवत वाढले असेल, तर त्यात पोटॅशियम पुष्कळच असते. शेवटचे तीन आठवडे हा चारा कमी करून मक्याचा मुरघास वा कडबा वाढवावा, हा पहिला व बिनखर्ची उपाय होय. तेवढ्याने न भागल्यास कॅल्शियम क्लोराइड, अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट ह्यांसारखे क्षार द्यावे लागतात. सोडियम व पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोरीन व गंधक ह्यांची बेरीज वजा केली असता उरणारी संख्या दर किलोग्रॅम शुष्क आहारामागे उणे ५० ते उणे १५० मिलितुल्यांकांच्या दरम्यान असावी, असा संकेत आहे. हे क्षार कडवट असतात. गाय खाणे सोडू लागली तर लाभाऐवजी कीटोनमयता, म्हणजे ऊर्जेच्या तुटीचा दुसरा विकार, पदरी पडतो. व्याल्याबरोबर ते बंद करावेत. दुभत्या गायीच्या आहारात त्यांना स्थान नाही.

निपचित पडलेली गाय सर्वांना दिसते. पण उभ्या गायीच्या रक्तातही कॅल्शियम घटलेले असू शकते. अमेरिकेतील सर्वेक्षणात अशा गायी दुसऱ्या वेतापासून पुढे निम्म्याच्या आसपास आढळल्या. वार अडकणे, कासदाह, चतुर्थ जठराचे स्थानभ्रंश ह्यांचा ह्या सुप्त तुटीशी संबंध दिसून आला आहे.

आहार साधला की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळा नको. सामू दर्शविणारी कागदी पट्टी पुरते. नेहमीच्या चाऱ्यावरील गायीच्या मूत्राचा सामू ८ च्या आसपास असतो. क्षार सुरू केल्यानंतर दोनतीन दिवसांनी होल्स्टीन गायीत तो ६.२ ते ६.८, तर जर्सी गायीत ५.८ ते ६.३ असावा. एकाच गायीवर विसंबू नये, अनेकींची सरासरी घ्यावी. तो ५.५ च्याही खाली गेल्यास क्षारांचे प्रमाण त्याच दिवशी कमी करावे.