पडद्यावरचा दिवा का लुकलुकत नाही?

एका तंत्रनिकेतनातल्या शिक्षिकेने विचारलंय: दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी कोणतं सर्किट सिम्युलेशन सॉफ्टवेअर घ्यावं?

त्याआधी एक सर्किट मांडू. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर, दोन एलईडी. ब्रेडबोर्डवर ५ व्होल्ट जोडले की दिवे आळीपाळीने लुकलुकू लागतात. हेच सर्किट एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये काढून चालवा. पुष्कळदा दोन्ही बाजू ढिम्म, आलेखावर सरळ रेघ. मुलं चूक शोधत बसतात आणि ती सापडत नाही, कारण चूक नसतेच! संगणकातले दोन्ही ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे, त्यामुळे आधी कोणी सुरू व्हायचं हे ठरतच नाही. दुकानातून आणलेले दोन नग कधीच सारखे नसतात आणि त्या फरकामुळेच दिवे लुकलुकू लागतात. एका कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज लिहून दिलं की पडद्यावरही खेळ सुरू होतो. हा तास कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचा आहे.

आता सॉफ्टवेअर. सर्किट सिम्युलेटरच्या बऱ्याच नावांच्या पोटात एकाच घराण्याचं इंजिन आहे, ते म्हणजे स्पाइस. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातल्या मुलांनी ‘कॅन्सर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्या इंग्रजी नावातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ ‘किरणोत्सर्ग वगळून’ असा होता. त्या काळी अशा प्रोग्रॅमना संरक्षण खात्याचा पैसा मिळे आणि किरणोत्सर्गात सर्किट टिकेल का, हे त्यांना तपासावं लागे. या मुलांनी ते नावातच नाकारलं. पुढे लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने त्यातून स्पाइस घडवलं आणि १९७३ मध्ये ते जगापुढे आलं. नेगल यांचं नाव निदान घेतलं जातं. पण प्रोग्रॅम नव्याने लिहा, त्यावरची बंधनं काढा आणि तो सर्वांना खुला करा, हा आग्रह त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांचा होता. तो आग्रह नसता तर आज आपल्या मुलांच्या लॅपटॉपवर फुकट सिम्युलेटर कुठून आला असता?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलाला घरी नेता येत नाही ते सॉफ्टवेअर शिकवायला घेऊ नये. अगदी पहिल्या ओळखीला टिंकरकॅड छान; तिथे रेझिस्टरविना जोडलेला एलईडी फुटलेला दिसतो. अ‍ॅनालॉगसाठी एलटीस्पाइस. सर्किटपासून पीसीबीपर्यंत जायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम घ्या. त्यात एनजीस्पाइस हा सिम्युलेटर आणि पीसीबी आखायचं किकॅड एकत्र नांदतात आणि परवान्याला एक रुपया लागत नाही. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅमही सर्किटसोबत चालवून पाहायचा असेल तर प्रोटिअस सोयीचं, पण ते विकत घ्यावं लागतं.

आणि काहीही घेतलंत तरी एकदा मुलांकडून नेटलिस्ट, म्हणजे सर्किटमधल्या भागांची आणि जोडण्यांची यादी, हाताने लिहून घ्या. स्पाइसचा जन्म पंचकार्डांच्या जमान्यातला. गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड शीर्षकाचं असे, म्हणून आजही फाइलची पहिली ओळ शीर्षक म्हणूनच वाचली जाते. पहिल्याच ओळीवर लिहिलेला माझा पहिला रेझिस्टर असाच गायब झाला होता, आणि तो शोधण्यात अख्खी दुपार गेली.