महिन्यानं देणार कोण?

मागांची खडखड इतकी आहे की ही मुलगी प्रश्न ओरडूनच विचारते आहे. ‘काका, आज शंभर रुपये घ्याल की महिन्यानं दीडशे?’

काका आत्ताच मागावरून उठून शेडच्या दारात आलेत. तळहातावर तंबाखू, नखावर चुना. ‘आजच दे.’

‘महिन्यानं दोनशे?’

‘आज.’

‘तीनशे?’

काका अंगठ्यानं मळतात, दोन थापट्या मारून भुकटी उडवतात, ओठ ओढून बार भरतात आणि मगच बोलतात. ‘पोरी, महिन्यानं देणार कोण? तू तर निघालीस बेंगळूरला.’

ती हसते, पण उत्तर वहीत जसंच्या तसं उतरवून घेते.

मानसशास्त्रात नुकतीच एम.ए. झालेली ही माधवनगरची मुलगी. व्यसनात मेंदूचं काय होतं, यावर तिला संशोधन करायचंय, म्हणून बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेत प्रवेशाची तयारी चालू आहे. घरच्यांना कळतो तो रस्ता मुक्तांगणचा. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात उभं केलेलं व्यसनमुक्ती केंद्र, आणि मानसशास्त्र शिकून तिथं काम करणाऱ्या मुक्ता पुणतांबेकर. प्रयोगशाळेत बसून व्यसन कसं कळणार, हे आईला अजून पटलेलं नाही. शेजारी चिडवतात, ‘कुपवाडच्या पावडरीवर का?’ फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेजारच्या कुपवाडमधून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला, तेव्हापासून ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. तिला मात्र शेडच्या दारात रोज दिसते ती तंबाखू आणि माजघरातली मिश्री. त्यांची बातमी होत नाही.

‘चुना कशाला लावता?’ ती विचारते.

‘त्याशिवाय लागतच न्हाई.’

ती माझ्याकडं वळते. चुना अल्कधर्मी, त्यामुळं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरतं आणि मेंदूत पोचून डोपामिनला धक्का देतं. काकांनाही तेच समजावते. ‘म्हंजे आमचं बरोबरच हुतं की,’ काका खूश.

आजची आणि महिन्यानंतरची रक्कम तोलायला लावणारी ही प्रश्नावली व्यसनाच्या संशोधनात जुनी आहे. अमेरिकेत ग्रेगरी मॅडन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात अडकलेली माणसं उशिरा मिळणाऱ्या पैशाची किंमत इतरांपेक्षा फार झपाट्यानं घटवतात. त्या हिशेबात काका पक्के अधीर ठरतात. पण काका पुढं सांगतात ते त्या रकान्यांत बसत नाही. मागं एका मालकानं हिशेब न देताच शेड बंद केली. तेव्हापासून ते आधी उचल घेतात, मग मागाला हात लावतात.

मला तर हा शहाणपणा वाटतो. तिलाही वाटत असावा, कारण ती लगेच अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग सांगू लागते. सेलेस्ट किड यांनी २०१३ मध्ये छापलेला. मोठ्या माणसानं आधी शब्द पाळला, तर लहान मुलं दुसऱ्या मिठाईसाठी सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडला, तर जेमतेम तीन. वहीच्या समासात ती नवा प्रश्न लिहिते: ‘यापूर्वी कुणी पैसे बुडवलेत का?’ मराठीत आज-की-महिन्यानं ही प्रश्नावली आणायची तर हा प्रश्न हवाच.

इतक्यात काका थुंकायला वाकतात आणि तिचं लक्ष ओठाकडं जातं. ‘बघू जरा.’ काका ओठ उलटा करून दाखवतात. बार जिथं बसतो तिथं कातडी पांढरी, जाड, सुरकुतलेली. वही मिटते.

‘काका, सांगलीच्या सिव्हिलला दाखवा. उद्याच.’

‘दुखत न्हाई गं. बघू फुडल्या महिन्यात.’

आता मात्र काका थांबायला तयार आहेत! ती त्यांच्या हातातली पुडी उलटी करते. मागं फोन क्रमांक छापलाय, १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी सेवा, फुकट. काकांनी ही पुडी रोज हाताळलीय, क्रमांक कधी वाचलेला नाही.

तुमच्या घरात कुणी बार भरत असेल, तर आज त्यांचा ओठ उलटा करून बघा. पांढरा डाग दिसला तर तो दुखत नाही म्हणून सोडू नका. असे काही डाग पुढं कर्करोगाचे निघतात.